ब्रिटिश काळात शिक्षण खात्यातली वरिष्ठ पदे कशी भरत? भारतीयांना ती गुणवत्तेवर मिळत का?

परीक्षा नव्हती, हे आधी डोक्यात पक्कं करा. कलेक्टर व्हायला १८५५ पासून स्पर्धा परीक्षा होती, म्हणून लोक तोच नियम सगळ्या खात्यांना लावून मोकळे होतात. आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, त्यातलेच. मला डावललं तेव्हा घरी येऊन, माझाच चहा पीत म्हणाले, "वहिनी, इंग्रज असते तर हे झालं नसतं. त्यांच्याकडे गुणाला किंमत होती."

झालं असं होतं की मी साडेचार वर्षं कॉलेजची प्रभारी प्राचार्य होते. दारावरच्या पाटीवर 'प्राचार्य' रंगवलेलं आणि पुढे कंसातलं 'प्रभारी' खडूने, कारण रंगाचं बिल मंजूर होईना. दर पावसाळ्यात ते पुसलं जायचं, शिपाई पुन्हा लिहायचा. मग एक दिवस बाहेरून माणूस आला. मी अकरा पानांची चार्ज यादी केली, कपाटांच्या किल्ल्या सुतळीत ओवून दिल्या. त्याने पहिलं विचारलं, "यातली स्टाफ टॉयलेटची कुठली?"

भावजींना मी त्याच दिवशी भांडारकर सांगायला हवे होते, सुचले नाहीत. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८६८ पासून मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक होते. कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा १८७३ मध्ये विलायतेहून पीटर पीटरसन आले आणि भांडारकर पुन्हा दुय्यम जागेवर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातली प्राध्यापकाची खुर्ची मिळाली ती तिथले जर्मन प्राध्यापक कीलहॉर्न गेल्यावर, १८८२च्या सुमारास. म्हणजे प्रभारी हा रोग आपण शोधलेला नाही.

पुढे १८९६-९७ मध्ये तर ही पंगतच सरकारी झाली. वर इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस, भरती लंडनला, भारतमंत्र्यांच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांच्या, निवडीने. खाली प्रांतिक सेवा, आपल्या लोकांसाठी, पगार कमी. त्याआधीही निराळं काही नव्हतंच. प्रफुल्लचंद्र राय एडिंबरोचे डी.एससी., पण १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले महिना २५० रुपयांवर. जगदीशचंद्र बोसांना त्याच कॉलेजात गोऱ्यांपेक्षा कमी पगार देऊ केला, तर त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही आणि शिकवत राहिले. मला तेवढं परवडलं नसतं, घराचे हप्ते होते.

आता थोडं सावरून घेते. वरच्या सेवेत भारतीय अजिबात नव्हते असं नाही, थोडे होते. पीटरसनही टाकाऊ माणूस नव्हता, हस्तलिखितांच्या शोधात त्याने खरोखर काम केलं. बोसांना शेवटी थकबाकीसह पूर्ण पगार मिळाला. आणि १९२४ मध्ये वरिष्ठ सरकारी नोकऱ्यांसाठी नेमलेल्या ली आयोगाने ही लंडनची भरती बंद करायला सांगितली.

भावजी हे वाचतीलच. काय म्हणायचं ते इथेच लिहा, ह्यांना फोन करून नको.