काटा आला हे कळलं, कुठे आला ते लिही

प्रिय बाय,

तुझे मेसेज येतात ते सगळे मी बघतो, रात्री झोपायच्या वेळेला सुद्धा एखादी लिंक येऊन पडते आणि खाली लिहिलेलं असतं "काका हे ऐकाच, अंगावर काटा आला", आणि खरं सांगतो मला फार बरं वाटतं, तुझ्या वयाचं कोणीतरी आपणहून खयाल ऐकतंय, कोणी क्लासला पाठवलं म्हणून नाही, परीक्षा आहे म्हणून नाही. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, फोनवर सांगितली तर तू हो हो म्हणशील आणि विषय तिथेच संपेल, म्हणून लिहितोय. काटा आला हे कळलं. पण कुठे आला? कुठल्या जागेवर, किती मिनिटांनी, आलापात, तानेत, की नुसत्या एका स्वरावर गाणाऱ्या बाई थांबल्या तिथे? ते तू कधीच लिहीत नाहीस. आणि मला तर तेच हवं असतं, कारण ती लिंक मला कुठूनही मिळेल पण तू काय ऐकलंस ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?

आमच्या फोंड्याच्या रेकॉर्ड ऐकायच्या बैठकीत तू आता येतेस, बघितलंस ना, ते जुने लोक कसं सांगतात. कोणी नुसतं "किशोरीताईंचा भूप", म्हणजे किशोरी आमोणकरांचा भूप राग, असं म्हणून थांबत नाही. ती एलपी, एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री, त्यातला भूप, आधी विलंबित "प्रथम सूर साधे", मग "सहेला रे", आणि त्यात अमक्या ठिकाणी गंधारावर, म्हणजे "ग" वर, कशा आल्या ते बघा. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याचा कान तयार होतो, तो त्या जागेची वाट बघत बसतो, आणि जागा आली की दोघांना एकदमच "आहा" होतं. हे मिरवणं नव्हे गं, तुला कधीकधी तसं वाटत असेल मला कळतं, पण दुसऱ्याला आपल्या कानाशेजारी बसवून घ्यायचं तर एवढं सांगावंच लागतं.

रेकॉर्ड कुठल्या जातीची आहे हे तर आधी बघ. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि नवीन ऐकणारे तिकडे लक्षच देत नाहीत. ७८ ची तबकडी, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी रेकॉर्ड, साधारण तीन मिनिटं, मोठी बारा इंची असली तर चारेक. एलपीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटं. मैफलीचं मुद्रण तासभर सुद्धा असतं, रेडिओचं ठरलेल्या वेळाचं. आता केसरबाई केरकरांची ७८ ची नट कामोद रागातली "नेवर बाजो रे" ऐकून तू मला लिहिलंस की सुरू झालं आणि संपलं, राग बघायलाच मिळाला नाही. बरोबर आहे, पण मग ती तशीच ऐकायची असते. तासाभराची बाई तिथे तीन मिनिटांत बसवली आहे, एकही सूर फुकट नाही, सुरुवातीलाच बंदिशीत राग उभा केला की लगेच "आ" म्हणत घेतलेल्या ताना, आणि नट आणि कामोद असे दोन्ही राग एकमेकांत कसे शिरतात ते एवढ्याशा जागेत दाखवायचं. ती एका आठवड्यात रोज ऐक, जेवणाआधी, तीन मिनिटांना काय लागतं. पहिले दोन दिवस काही हाती लागणार नाही, पुढे लागेल, माझ्यावर विश्वास ठेव.

आणि लयीकडे कान दे. जुन्या ७८ मध्ये तबला अगदी मागे असतो, कधीकधी ऐकूच येत नाही, म्हणून तू तो सोडून देतेस. हातावर ताल धर. आपल्या गोव्यात खाप्रुमामा पर्वतकरांसारखा लयीचा माणूस होऊन गेला, त्यांना लयभास्कर म्हणायचे, आपल्याकडे देवळातल्या भजनाला बसलेला साधा माणूससुद्धा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे ते मान हलवून दाखवतो, आणि तू तेवढं सोडून फक्त आवाज ऐकतेस हे बरोबर नाही. वास्कोच्या सप्ताहाला जातेस ना, तिथे पार, म्हणजे भजनाच्या मिरवणुकी, गाणाऱ्यांत तासभर उभी राहा, लय म्हणजे काय ते तिथे आपोआप अंगात शिरतं.

आता यूट्यूबवरच्या नावांबद्दल. तिथे लिहिलेलं खरं धरू नकोस. चढवणाऱ्यांनी प्रेमाने चढवलेलं असतं पण कितीतरी ठिकाणी रागाचं नाव चुकलेलं असतं, कधी गाणाऱ्याचंही. भूप म्हणून लिहिलंय आणि प्रत्यक्षात देशकार चालू आहे असं होतं. स्वर तेच पाच, सा रे ग प ध, पण भूपाचा जीव गंधारात आणि देशकाराचा धैवतात, भूप संध्याकाळचा आणि खालच्या सुरांत फुलणारा, देशकार सकाळचा आणि वरच्या सुरांत राहणारा. तुला हा फरक आज नाही कळला तरी चालेल पण पुढे पाठवताना "इथे भूप लिहिलंय, मला खात्री नाही" एवढं लिहायला काय हरकत आहे? बैठकीतलं कोणीतरी सांगेलच, आणि त्या सांगण्यातच तू शिकशील.

तसंच स्पीडचं. जुन्या तबकड्या सगळ्या बरोबर ७८ च्याच वेगाने मुद्रित झाल्या असं नाही, त्यामुळे आज कोणी त्या कॉम्प्युटरवर उतरवताना वेग जरा वाढला की आवाज वर चढतो आणि पातळ लागतो, कमी झाला की जड. केसरबाईंचा आवाज भरदार, खालच्या पट्टीतला, तो जर तुला कुठे बारीक ऐकू आला तर आधी दुसरं अपलोड शोध, मग मत दे.

पहिली पहिली रेकॉर्ड करणाऱ्यांनाही हे नाव-गाव सांगायचं भान होतं बघ. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान या गायिकेचं गाणं मुद्रित झालं, आणि गाणं संपल्यावर ती स्वतः आपलं नाव इंग्रजीतून मोठ्याने सांगते, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जायच्या आणि तिथल्या माणसाला हे कोणाचं ते कळायला हवं. एवढ्याशा जागेत तेवढे दोन सेकंद नावासाठी ठेवले.

केसरबाईंबद्दल तू एकदा लिहिलं होतंस, "आपली गोव्याची बाई अंतराळात गेली". हो, १९७७ च्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, "जात कहां हो", साडेतीन मिनिटांची, आणि यानं सुटली त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केसरबाई गेल्या. मलाही अभिमान आहे, केरीची मुलगी. पण बाय, किती लोकांनी ही बातमी पुढे पाठवली आणि किती लोकांनी ती भैरवी पूर्ण ऐकली? तू ऐकलीस का शेवटपर्यंत? त्या गोष्टीतला मला आवडणारा भाग वेगळाच आहे. रॉबर्ट ब्राऊन नावाच्या संगीत-अभ्यासकाने ती सुचवली होती, आणि नुसतं "भारतीय संगीत घ्या" असं म्हणून तो मोकळा झाला नाही, नेमकी गायिका, नेमकी रेकॉर्ड सांगितली. मग तिचा शोध सुरू झाला आणि ती सापडली न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात. त्याने मोघम सांगितलं असतं तर शोधणाऱ्यांनी दुकानात काय मागितलं असतं?

आणि काय मुद्रितच झालं नाही तेही लक्षात ठेव. केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर ज्यांच्याकडे शिकल्या त्या जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचं मुद्रण नाही. भास्करबुवा बखल्यांचंही नाही. त्यांच्या गाण्याचा अंदाज आपण त्यांच्या शिष्यांवरून बांधतो. म्हणून जे हाताशी आहे ते असं भसाभस ऐकून टाकणं मला बघवत नाही.

मोगूबाईंचं नाव निघालं म्हणून सांगतो. मागच्या बैठकीत तू हळूच म्हणालीस की मोगूबाई तुला कोरड्या वाटल्या, आणि दोन-तीन जण तुझ्यावर तुटून पडले, तू गप्प झालीस. ते मला आवडलं नाही. तुला जे वाटलं ते सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे, बैठक त्यासाठीच आहे. फक्त "कोरड्या" यावर थांबू नकोस. कुठे कोरडं वाटलं? शब्द कमी भावले, की स्वरावर थांबत नाहीत असं वाटलं, की लयीचं काम चाललंय ते तुला कळलं नाही आणि म्हणून कंटाळा आला? माझा अंदाज तिसरा आहे. मोगूबाईंचं गाणं लयीत असं विणलेलं असतं की बोल, आलाप, तान सगळं तालाच्या आतून येतं, बाहेरून चिकटवलेलं काही नाही. त्यांच्या रेकॉर्ड कमी, जे आहे ते जपून ऐक, हातावर ताल धरून ऐक, आणि मग पुन्हा कोरडंच वाटलं तर पुन्हा तसं सांग, मी तुझ्या बाजूने बोलेन. मे महिन्यात साळावली धरणाचं पाणी उतरलं की त्यात बुडालेली कुर्डी वर येते, त्यांचं गाव, तेव्हा जाऊन ये एकदा, लोक फोटो काढायला जातात, तू कानात त्यांचं गाणं घेऊन जा.

मग आईला काय पाठवायचं असं विचारलं होतंस ना. आईला जयपूर घराण्याचा अनवट, फारसा कानावर न पडणारा राग एकदम पाठवू नकोस, ती दोन मिनिटांत बंद करेल आणि तुलाही वाईट वाटेल. आईला नाट्यसंगीताचा कान आहे, आपल्या जत्रांत नाटकं बघत मोठी झालेली बाई ती. तिला जितेंद्र अभिषेकीबुवांकडून आण. मंगेशीचे, त्यांनीच संगीत दिलेली "मत्स्यगंधा" १९६४ ची आणि "कट्यार" १९६७ ची, ती पदं तिला पाठ असणार, ती आधी दोघी मिळून ऐका, म्हणू दे तिला बरोबर. नंतर कधीतरी बुवांचा एखादा खयाल लाव आणि सांग की ज्यांच्या त्या चाली त्यांचंच हे गाणं, आता जरा सावकाश. दुसऱ्याला गाणं द्यायचं तर त्याचा कान आज कुठे आहे ते बघून द्यावं, आपला कुठे पोचलाय ते बघून नाही.

प्लेलिस्टचं मला पटत नाही ते तुला माहीत आहे. एकामागून एक वाजत राहतं आणि एक राग संपून दुसरा सुरू झाल्यावर मधली शांतता मिळतच नाही. एक ऐकलं की बंद कर. दहा मिनिटं काहीच नको. भांडी घास, अंगणात जा. मग हवं तर दुसरं.

आणि नोव्हेंबरात कला अकादमीत केसरबाईंच्या नावाचा समारोह असतो, त्याला ये. तिथे फोन वर धरून रेकॉर्ड करत बसू नकोस, समोर बसलेल्या माणसाचं गाणं काचेतून बघायचं नसतं. प्रत्यक्ष ऐकून घरी आलीस की त्याच रागाचं जुनं मुद्रण काढ, तेव्हा कळेल तबकडीत काय मावतं आणि काय बाहेर राहतं.

आता पाऊस आहे तोवर एकच काम कर. गौड मल्हार घे, पावसाळ्याचाच राग. आधी केसरबाईंचा "मान न करिये", ती छोटी रेकॉर्ड. चार-पाच दिवस तेवढाच. मग किशोरीताईंचा, तीच बंदीश सविस्तर आणि पुढे द्रुत "बरखा बैरी भयो". आजी-नातीइतकं वयाचं अंतर, गुरू एकाच घराण्यातले, तरी तेच शब्द दोघींकडे किती वेगळे वागतात बघ, कुठे जास्त थांबतात, कुठे घाई, पाऊस कुणाच्या गाण्यात जास्त आहे. मल्लिकार्जुन मन्सूरांचाही गौड मल्हार आहे पण तो पुढच्या महिन्यात, आत्ता ऐकलास तर तिन्ही एकमेकांत मिसळतील. दोन्ही ऐकून झाले की मला लिही, मिनिट आणि सेकंद टाकून लिही, मला न पटणारं असलं तरी लिही. येत्या रविवारी रेकॉर्ड तू लावायची आहेस, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, लावायच्या आधी दोन वाक्यं बोलायची, मोठ्याने, मागे बसलेल्या आजोबांना कमी ऐकू येतं.

तुझा,
काका