जर्मनीत एमएस: अभ्यास की ओळखी?

तुम्ही ऑक्टोबरमध्ये जर्मनीत एमएसला निघालाय आणि अमेरिकेतला मित्र सांगतोय, मार्कांच्या मागे लागू नकोस, ओळखी वाढव. तो तिकडचं बरोबर सांगतोय. तिथे ऑगस्टअखेर सत्र सुरू होतं आणि पुढच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी करिअर फेअर सप्टेंबरातच लागतात. रेझ्युमे विमानात बसण्याआधी तयार हवा. शिवाय होमवर्क, मिडटर्म, प्रोजेक्ट असे मार्क वाटलेले असतात, त्यामुळे एखादा पेपर घसरला तरी सावरता येतं.

जर्मनीत बऱ्याच विषयांचा निकाल शेवटच्या एकाच परीक्षेवर ठरतो. लेक्चरला हजेरी सहसा कुणी घेत नाही. जानेवारीपर्यंत सगळं निवांत वाटतं आणि आपली मुलं फसतात ती इथेच. सत्राचे ३० क्रेडिट, एका क्रेडिटमागे अभ्यासाचे २५ ते ३० तास, म्हणजे ७५० ते ९०० तास झाले. फेब्रुवारीत रात्री जागून ते भरून निघत नाहीत. परीक्षेची नोंदणी बहुतेक ठिकाणी पोर्टलवर वेगळी करावी लागते. मुदत हुकली की अभ्यास झालेला असूनही बसता येत नाही. नापास झालात तर संधी मोजक्याच, बहुधा एकूण तीन. त्याही संपल्या तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. (आणि तिथे ग्रेडमध्ये १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.)

ओळखी हव्यातच, पण कुठल्या? पहिल्याच आठवड्यात फाखशाफ्ट, म्हणजे विभागाची विद्यार्थी संघटना, गाठा. जुन्या प्रश्नपत्रिका बहुधा तिथेच मिळतात. तीन-चार जणांचा अभ्यासगट करा, त्यात एक तरी जर्मन बोलणारा असू द्या. नुसत्या आपल्या मुलांच्या गटात वरणभात उत्तम जमतो, जर्मन नाही. आणि वेर्कश्टुडेंटच्या, म्हणजे शिकता शिकता कंपनीत करायच्या, बऱ्याच कामांना जर्मन लागतंच. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम घेऊ नका.

दुसऱ्या सत्रात 'हिवी', म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं काम शोधा. ज्या विषयात चांगली ग्रेड मिळाली त्याच प्राध्यापकांना चार ओळींचा मेल टाका, सोबत गुणपत्रक जोडा. म्हणजे इथे ओळख व्हायलाही आधी मार्कच लागतात. पुढे थीसिस कंपनीत करायचा झाला तर हीच ओळख कामी येते, कारण विद्यापीठातला मार्गदर्शक लागतोच. तो आधी पक्का करा. कंपनीने होकार दिल्यावर प्राध्यापकांनी विषय नाकारला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.