मोठे झालेले हृदय दुबळे कसे?

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाचे वय 44 आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्याला दादरच्या पुलाचे जिने चढताना धाप लागू लागली, रात्री तीन उशा घेतल्याशिवाय झोप येईना आणि संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ पावलावर तसाच राहू लागला. अँजिओग्राफीत एकही ब्लॉकेज सापडले नाही; परंतु टूडी एकोमध्ये हृदय मोठे झाल्याचे आणि इजेक्शन फ्रॅक्शन 28 टक्के असल्याचे दिसले. निदान ‘डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, हार्ट फेल्युअर’ असे आहे. तो दारूला शिवतही नाही. आमचे वडील वयाच्या 46व्या वर्षी गिरणीत पाळीवर असताना अचानक गेले. तेव्हा ॲटॅक आला असेच सर्वांनी मानले. हार्ट फेल झाले असेल तर भाऊ चालतो-बोलतो कसा? आणि मोठे हृदय जास्त ताकदीचे नको का? त्याच्या दोन मुलांची फार काळजी वाटते.
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आपल्याकडे ‘हार्ट फेल झाले’ हे शब्द बहुधा मृत्यूची बातमी सांगतानाच कानावर पडतात, त्यामुळे हे निदान वाचून आपण हादरलात हे स्वाभाविक आहे. मात्र हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला जितके रक्त हवे तितके पुढे ढकलणे हृदयाला जमत नाही, किंवा ते जमवण्यासाठी हृदयातील दाब प्रमाणाबाहेर वाढू द्यावा लागतो, या अवस्थेचे ते नाव आहे. इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला बाहेर पडणारा हिस्सा. त्याचा 28 टक्के हा आकडाही शंभरपैकी मिळालेल्या गुणांसारखा वाचू नये, कारण निरोगी हृदयसुद्धा प्रत्येक ठोक्याला आतले सगळे रक्त बाहेर टाकत नाही. ते साधारण 55 ते 70 टक्केच टाकते.

डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणजे हृदयाचा स्नायू दुबळा होऊन कप्पे फुगण्याचा आजार. त्यात हृदय मोठे का होते, हे थोड्या हिशेबाने समजते. निरोगी माणसाच्या डाव्या खालच्या कप्प्यात सुमारे 120 मिलिलिटर रक्त भरते असे धरले आणि त्यातले 60 टक्के बाहेर पडले, तर एका ठोक्याला 72 मिलिलिटर रक्त मिळते. स्नायू दुबळा झाला की कप्पा ताणला जातो. त्यात 220 मिलिलिटर रक्त मावू लागले, तर 28 टक्क्यांच्या हिशेबानेही 62 मिलिलिटर बाहेर पडते. म्हणूनच आपले बंधू बसल्या जागी ठीक वाटतात आणि पुलाच्या जिन्यावर मात्र थांबतात. या तडजोडीची किंमत मोठी असते. कप्पा जितका रुंद, तितका त्याच्या भिंतीवरचा ताण अधिक, आणि तो ताण आधीच थकलेल्या पेशींनाच सोसावा लागतो.

मी विकृतिशास्त्राचा (पॅथॉलॉजीचा) डॉक्टर असल्याने अशी हृदये हातात घेऊन पाहिली आहेत. प्रौढ पुरुषाचे निरोगी हृदय सुमारे 300 ते 350 ग्रॅमचे असते आणि कापल्यावरही आपला आकार धरून राहते. या आजारातले हृदय त्याच्या दुप्पट, क्वचित तिप्पट वजनाचे असते. परंतु टेबलावर ठेवताच ते ओल्या कापडी पिशवीसारखे पसरते. चारही कप्पे फुगलेले असतात आणि कधी भिंतीच्या खाचांत रक्ताच्या गुठळ्या चिकटलेल्या दिसतात. अशी गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो, म्हणून काही रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली एका विशिष्ट रंगप्रक्रियेने स्नायू लाल आणि व्रणाचे तंतू निळे दिसतात. निरोगी हृदयाच्या पातळ कापाची काच जवळजवळ सगळी लाल दिसते. या आजारात मात्र लाल तंतूंच्या मधून निळ्या रेघा शिरलेल्या असतात, काही पेशी जाड झालेल्या तर काही ताणून बारीक झालेल्या असतात. निळा भाग आकुंचन पावत नाही, शिवाय विजेच्या लहरीची वाट अडवतो, आणि जीवघेणी अनियमित धडधड बहुतेकदा तिथूनच सुरू होते.

पावलावरच्या वळाचे मूळ मूत्रपिंडांत आहे. रक्त कमी पोहोचू लागले की मूत्रपिंडे, जणू जखमेतून रक्तस्राव झाला आहे अशा समजुतीने, मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पाणी पायांत उतरते, आडवे झाल्यावर फुप्फुसांत साचते आणि यकृतातही रक्त तुंबते. अशा यकृताचा काप किसणीवर अर्ध्या घासलेल्या जायफळासारखा दिसतो, म्हणून आम्ही त्याला जायफळी यकृतच म्हणतो. या धडपडीत स्रवणारी ॲड्रिनलिन आणि अँजिओटेन्सिनसारखी रसायने हृदयाच्या पेशींना आणखी इजा करतात. आजची मुख्य औषधे हेच चक्र रोखतात, आणि ती नेमाने घेतल्यावर फुगलेले हृदय पुन्हा आक्रसल्याचे एकोमध्ये अनेकदा दिसते. बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करणे हा माझ्या मते या आजारातला सर्वांत महागात पडणारा निर्णय आहे. लोणचे, पापड, सुके बोंबील टाळावेत, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत आणि रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगात साचलेले पाणी समजून डॉक्टरांना लगेच कळवावे.

प्रत्यारोपणाचा विषय आज आपल्यापुढे नाही. तरीही, तुमच्या शेजारच्याच परळमध्ये, के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये भारतातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले होते, हे लालबागच्या वाचकाला सांगावेसे वाटते. रुग्ण काही तासच जगला. पण केप टाऊनमधल्या जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

आता मुलांविषयी. दारू, विषाणूमुळे आलेली स्नायूंची सूज, कर्करोगाची काही औषधे, बाळंतपण अशी या आजाराची अनेक कारणे आहेत. पण तरुण वयात, दुसरे कारण न सापडता तो झाला, तर जनुकांचा विचार करावाच लागतो. स्नायूला लवचीकपणा देणाऱ्या टायटिन या प्रचंड मोठ्या प्रथिनाच्या जनुकातला बिघाड यात सर्वाधिक आढळतो. असा दोष बहुधा आई किंवा वडील यांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. दोष आला म्हणजे आजार होईलच असे नाही, आणि झालेला आजार लक्षणांच्या बराच आधी एकोमध्ये दिसू शकतो. म्हणून दोन्ही मुलांचा, इतर भावंडांचा आणि आपला स्वतःचाही ईसीजी व एको आता करून घ्यावा. आज तो निर्दोष आला तरी पुन्हा केव्हा करायचा, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठेवावे. वडिलांच्या मृत्यूचे कारण ‘ॲटॅक’ हे त्या वेळी तपासणीविना धरलेले दिसते. आधी त्यांना धाप लागत होती का, पायांवर सूज येत होती का, हे आईला किंवा पाळीवरच्या त्यांच्या जुन्या सोबत्यांना विचारा आणि पुढच्या भेटीत भावाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.