88 पर्सेंटाईल आणि बाबांची वही

प्रश्न: ताई नमस्कार, मी बार्शीची, बारावी सायन्सला आहे, ओबीसी. इंजिनीअरिंगच्या सीईटीची तयारी चालू आहे, मॉक टेस्टला कधी 85 पर्सेंटाईल येतात कधी 90, त्याच्यावर काही जात नाहीये. मैत्रिणी सगळ्या पुण्याचं म्हणतायत, कॉम्प्युटरच पाहिजे म्हणतायत. बाबांचं किराणा दुकान आहे, उत्पन्नाचा दाखला 1 लाख 80 हजारांचा. एक काउन्सेलर सर ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीची यादी) भरून द्यायचे 25 हजार मागतायत आणि म्हणतात की त्यांच्या ओळखीच्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत आत्ताच बुकिंग केलं तर फीमध्ये सूट मिळेल. काय करू? आणि यादीत कुठली कॉलेजं टाकू?

उत्तर: आधी ते 25 हजार खिशात ठेव गं. फॉर्म तुला स्वतःला भरता येतो, आणि नाहीच जमला तर सीईटी सेलचे सुविधा केंद्र असतात ना, तिथे जाऊन विचारायचं, त्याला 25 हजार लागत नाहीत.

आता तुझे मार्क, 85 ते 90 च्या मधले 88 धरू. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हे, शंभरातली किती पोरं तुझ्या मागे आहेत तो आकडा, हे माहीत असेलच पण घरच्यांना नक्की समजावून सांग, कारण शेजारच्या काकू "88 म्हणजे डिस्टिंक्शन की" म्हणून पेढे मागतात. समजा पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या सीईटीला) चार लाख पोरं बसली तर 88 म्हणजे तुझ्यापुढे साधारण 48 हजार जण आहेत. पुण्याच्या सीओईपीचं कॉम्प्युटर ओपनला साडेनव्याण्णवच्याही वर बंद होतं, ते मनातून काढून टाक, यादीत सगळ्यात वर टाकायचं तर टाक, फुकट आहे, पण त्याच्यावर झोप उडवू नकोस. दुसरीकडे हेही बघ की राज्यात इंजिनीअरिंगच्या जागा दीड लाखाच्या वर आहेत, म्हणजे सीट मिळणार का हा तुझा प्रश्नच नाही, कुठली मिळणार आणि चार वर्षं ती परवडणार का हा प्रश्न आहे.

कटऑफची पीडीएफ काढ, मागच्या दोन वर्षांची. उघडलीस की घाबरायला होतं, बारीक अक्षर आणि जीओपनएच, एलओबीसीओ असले शब्द. सोपं आहे: सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींच्या जागा, मध्ये कॅटेगरी आणि शेवटच्या अक्षरात एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे दुसऱ्या युनिव्हर्सिटीतून आलेले, एस म्हणजे राज्यपातळी. तू बार्शीची, म्हणजे सोलापूर विद्यापीठाची, त्यामुळे पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांत तुला ओ वाला रकाना बघायला लागणार, आणि बहुतेक पोरं एच वाला आकडा बघून "अरे मिळतंय की" म्हणून खूश होतात. कंसातला आकडा पर्सेंटाईलचा, त्याच्या वरचा मेरिट नंबर.

मग वहीत तीन भाग कर. 88 च्या चारपाच वर बंद होणारी काही, 85 ते 90 च्या मधली जास्तीत जास्त, आणि 78-80 ला बंद होणारी चारपाच. फक्त एक अट, त्या शेवटच्या चारपाचमध्येही तू खरंच जाशील अशीच टाक. "मिळालं तर बघू" म्हणून टाकलेलं कॉलेजच नेमकं गळ्यात पडतं. 2025 च्या प्रवेशाला नियम असा होता की पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं मिळालं की ते घ्यायचंच, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनातलं, तिसऱ्यात पहिल्या सहातलं. तुझ्या वर्षीचं माहितीपत्रक आलं की आधी हेच पान वाच.

आता पैशाचं, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझ्या बहिणीच्या मुलाचं जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही. तो ओपन, घरचं उत्पन्न 8 लाखाच्या आत, म्हणजे कॅप राउंडने, सीईटी सेलच्या सरकारी प्रवेश फेरीतून, गेला असता तर राजर्षी शाहू महाराज योजनेत ट्यूशन फी निम्मी झाली असती. पण घाई. कोणीतरी म्हणलं "ब्रँच मिळणार नाही", म्हणून जूनमध्येच एका कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून पैसे भरून मोकळे झाले, आणि महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर, फॉर्म भरायला बसले तेव्हा कळलं की ह्या कोट्याला स्कॉलरशिप लागूच नाही. दोन वर्षं ताई गळ्यातलं गहाण ठेवून फी भरत होती. कॉलेजने सांगितलं नाही का, तर नाही सांगितलं, विचारलंही नव्हतं ना.

तुझं मात्र बरंय. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे, 8 लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण कॅपमधून प्रवेश पाहिजे, आणि खाजगी युनिव्हर्सिटी आणि अभिमत विद्यापीठं ह्यात नाहीत. म्हणजे ते सर तुला "सूट" म्हणून जे विकतायत तिथे गेलीस तर फुकटचं सोडून पैसे देऊन घेणार तू. कळलं का बुकिंगची घाई कोणाला आहे ते.

तरी फी माफ म्हणजे शिक्षण फुकट असं नाही. डेव्हलपमेंट फी राहते, आणि खरा खर्च राहण्याजेवणाचा. बाबांच्या उधारीच्या वहीतलंच मागचं एक पान घे आणि दोघं मिळून लिहा. पुण्यात कॉट बेसिसवर समजा महिना 6 हजार, मेस साडेतीन, दहा महिन्यांचे झाले 95 हजार, डेव्हलपमेंट फी 15 धर, येणंजाणं, झेरॉक्स, लॅपटॉप, म्हणजे वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास, चार वर्षांचे 5 लाख. तेच सोलापूरला वालचंद इन्स्टिट्यूट किंवा पंढरपूरला राहिलीस तर खोली निम्म्यात, आणि शनिवारी घरी येऊन डबा घेऊन जाशील, एसटीला आता बायकांना अर्धंच तिकीट आहे. आणि सरकारी कॉलेज मिळत असेल, कराड, जळगाव, चंद्रपूर, अमरावती, कुठलंही, तर तिथलं हॉस्टेल मिळतं का ते आधी फोन करून विचार, कारण सरकारी हॉस्टेलची फी बाहेरच्या खोलीच्या मानाने काहीच नसते. कॉम्प्युटर नाही मिळणार तिथे 88 ला, मेकॅनिकल सिव्हिल इन्स्ट्रुमेंटेशन बघ, तुला आवडत असेल तरच हं, नाहीतर चार वर्षं मला शिव्या देशील. राहण्याच्या खर्चासाठी ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, इतर मागास बहुजन कल्याणच्या जिल्हा ऑफिसला एक चक्कर मारून ये.

आणि हे सगळं कागदावर अडतं. जातीचा दाखला आहे, पण व्हॅलिडिटी आहे का? जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत आत्ताच, ह्याच महिन्यात टाक, निकालानंतर सगळा जिल्हा तिथे रांगेत उभा असतो. नॉन क्रिमीलेअरची तारीख बघ, 31 मार्चला संपणारा जुना दाखला घेऊन पोरं फॉर्म भरायला येतात आणि मग ओपनमध्ये जातात. डोमिसाईलही काढून ठेव. कुठल्या कॉलेजची फी किती ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर बघ, कॉलेजच्या माणसाने फोनवर सांगितलेला आकडा धरू नकोस.

प्रश्न: मुलगा बारावीला आहे, आम्ही नाशिकचे, ओपन, उत्पन्न साडेनऊ लाख. एका खाजगी विद्यापीठाने पहिल्या वर्षाला 50 टक्के स्कॉलरशिपचं पत्र पाठवलंय. घ्यावी का?

उत्तर: दादा, पत्रात "पहिल्या वर्षाला" लिहिलंय ना, मग दुसऱ्या ते चौथ्याचं काय ते लेखी मागा. बऱ्याच ठिकाणी पुढची सवलत सीजीपीएवर असते, मुलगा थोडा घसरला की पूर्ण फी, आणि तेव्हा सोडून जाताही येत नाही. तुमचं उत्पन्न 8 लाखाच्या वर, त्यामुळे शासनाची सवलत तुम्हाला कॅपमध्येही नाही, म्हणून तुमच्यासाठी हिशोब सरळ आहे: चार वर्षांची एकूण फी, हॉस्टेलसकट, आणि त्याच्या शेजारी नाशिकमधल्याच कॅपच्या दोन कॉलेजांची. घरून डबा घेऊन गेला तर हॉस्टेलचे पैसे वाचतात ते त्यात धरा. फरक लाखाच्या आत असेल तर मुलाला विचारा, तीनचार लाखांचा असेल तर कर्ज काढून जाण्यासारखं त्या पत्रात मला काही दिसत नाही. कर्ज काढायचंच तर बँकेला एवढं विचारा की शिकत असताना व्याज चढतं का. चढतं.

प्रश्न: मी पीसीबीची आहे, नीटचं काही होणार नाही हे मलाही कळलंय. वडिलांच्या नावावर तीन एकर आहे. लातूर. स्वस्तात काय करता येईल?

उत्तर: सीईटी पीसीबी दिलीस तर बीएस्सी ॲग्रीला जाता येतं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं, त्यांच्या सरकारी कॉलेजांची फी खाजगीच्या मानाने फारच कमी, आणि सातबाऱ्यावर वेटेज मिळतं. तुला परभणी जवळ. ॲग्रीचा प्रवेश इंजिनीअरिंगपासून वेगळा असतो, त्याची नोटीस वेगळी येते, तिच्यावर लक्ष ठेव. सातबारा ताजा काढून ठेव, आणि वडिलांचं नाव आधारवर आणि सातबाऱ्यावर सारखं आहे का बघ, नसेल तर आजच तलाठ्याकडे जा.