बँकॉकमध्ये एकच सकाळ मोकळी आहे, आई-बाबा सोबत आहेत, तर अर्ध्या दिवसाची गाइडेड टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

घ्या, नक्की घ्या, पण ती टूर ग्रँड पॅलेसच्या आत नेणारी असेल तरच घ्या. तुम्ही लिहिलंय की गुरुवारची सकाळ मोकळी आहे, हॉटेल सुखुमवितला आहे, आई-बाबा सत्तरीच्या आसपास आहेत आणि रात्रीची फ्लाइट आहे. म्हणजे हातात जेमतेम पाच-सहा तास. एवढ्यात बँकॉक बघून होत नाही, पण जुनं शहर, म्हणजे चाओ फ्राया नदीच्या काठचा रत्नाकोसिन भाग, तो मात्र नीट बघून होतो, आणि बँकॉकमध्ये एकच भाग बघायचा तर मी तोच सांगेन. 1782 मध्ये पहिल्या रामा राजाने राजधानी नदीच्या या काठावर आणली आणि राजवाडा, म्हणजेच हा ग्रँड पॅलेस, बांधायला घेतला, म्हणजे हे शहर सुरूच तिथून होतं.

मी कामानिमित्त बँकॉकला बरेचदा जाते आणि घरच्यांनाही घेऊन गेलेय, त्यामुळे दोन्ही प्रकार बघितलेत, गाइडसोबतचा आणि आपला आपण.

आधी टूरच्या नावाकडे नीट बघा. 'सिटी अँड टेंपल टूर' किंवा 'हाफ डे टेंपल्स' असं लिहिलेल्या ज्या स्वस्तातल्या टूर असतात ना, त्यात बहुतेक वेळा वाट त्रैमितचा ('वाट' म्हणजे थाई भाषेत देऊळ) सोन्याचा बुद्ध, वाट फोचा झोपलेला बुद्ध आणि संगमरवरी देऊळ असतं, ग्रँड पॅलेस नसतोच, किंवा गाडीतून नुसती भिंत दाखवतात. ही देवळं वाईट नाहीत हां. वाट त्रैमितची मूर्ती साडेपाच टन सोन्याची आहे आणि कित्येक वर्षं प्लास्टरने झाकलेली होती, 1955 मध्ये हलवताना प्लास्टर फुटलं आणि आतलं सोनं दिसलं, गोष्ट भारी आहे. पण तिथे गाइड जे सांगणार ते दहा मिनिटांत संपतं, तेवढं तुम्ही आदल्या रात्री हॉटेलात वाचूनही जाऊ शकता. पॅलेसचं तसं नाही. तिथे गाइड नसेल तर माणूस गर्दीबरोबर पुढे सरकत राहतो, सगळीकडे सोनेरी काहीतरी चमकत असतं, आणि तासाभरात उन्हाने डोकं दुखायला लागतं.

पॅलेसच्या आवारातच वाट फ्रा केव आहे, पाचूच्या बुद्धाचं देऊळ. मूर्ती जेमतेम 66 सेंटिमीटरची, पाचूची म्हणतात पण आहे हिरव्या जेडची, आणि उंचावर बसवलेली असल्यामुळे खालून अजूनच छोटी दिसते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन पोशाख आहेत आणि ऋतू बदलला की राजा स्वतः किंवा त्याच्या वतीने राजघराण्यातलं कुणीतरी येऊन पोशाख बदलतं. आत फोटो चालत नाही, चपला बाहेर काढायच्या, बसलात तर पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. हे शेवटचं आपल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही म्हणा.

पण माझ्या मते खरी बघायची गोष्ट मूर्ती नाही, देवळाभोवतीची ओवरी आहे. चारही बाजूंनी भिंतभर रामायण रंगवलंय, थाई लोकांचं रामाकियन, एकूण 178 चित्रं. बहुतेक टुरिस्ट ती डावीकडे टाकून सरळ मूर्तीकडे जातात आणि तिथून बाहेर. तुमच्या आई-बाबांना ही भिंत दाखवाच, कारण गोष्ट त्यांना पाठ आहे आणि तरीही तिथे ती वेगळी आहे. सीता तिथे रावणाची मुलगी आहे, जन्मल्यावर घड्यात घालून पाण्यात सोडलेली, मग ती जनकाला सापडते. मारुती पांढराशुभ्र आहे आणि ब्रह्मचारी अजिबात नाही.

एक चित्र तर मी सासूबाईंमुळे नीट बघितलं. भिंतीवर मारुती एवढा प्रचंड झालाय की त्याने उघडलेल्या तोंडात एक अख्खा मंडप आहे, आणि मंडपात राम झोपलाय. आमची गाइड थाई मुलगी होती, छान सावकाश इंग्रजीत सांगत होती की मैयरब नावाचा राक्षस रामाला पळवायला येणार असतो म्हणून हनुमान रामाला तोंडात घेऊन बसतो, पण तो राक्षस झोपेची पूड फुंकतो, सगळी सेना झोपते आणि तो रामाला पाताळात घेऊन जातो. सासूबाईंना इंग्रजी फारसं कळत नाही, पण चित्र बघूनच त्या म्हणाल्या, अगं हा तर महिरावण! आपल्याकडे मारुती शेपटीचा कोट करून बसतो आणि तरी अहिरावण-महिरावण राम-लक्ष्मणाला नेतातच. मग त्यांनी विचारलं, पाताळात मारुतीला त्याचा मुलगा भेटतो ते आहे का यांच्यात, आणि मी गाइडला विचारलं तर ती एकदम खुश, म्हणाली आहे ना, मच्छानू, मत्स्यकन्येचा मुलगा. आपला मकरध्वजच तो. पुढचा पाऊण तास त्या दोघी पुढे आणि आम्ही मागे, मधे मी भाषांतर करत. गाइडचे पैसे कशासाठी द्यायचे तर यासाठी, भिंतीसमोर उभं राहून कुणीतरी गोष्ट सांगावी यासाठी, आणि मोबाइलवरच्या ऑडिओ गाइडला आईचे प्रश्न विचारता येत नाहीत. म्हणून बुक करताना नुसतं 'ग्रँड पॅलेस आहे ना' एवढंच विचारू नका, 'रामाकियनची चित्रं समजावून सांगणार का आणि तिथे किती वेळ देणार' हे विचारा. उत्तर काय येतं त्यावरून गाइड कसा आहे ते कळतंच.

आता दुकानांचं. स्वस्त टूरमध्ये शेवटी एक स्टॉप असतो, जेम्सची, म्हणजे रत्नांची फॅक्टरी, कधी सिल्क, कधी चामड्याचं दुकान. टूरचा भाव कमी ठेवणं त्यांना परवडतं ते तिथल्या कमिशनवर. आम्ही एकदा अशा एका टूरमध्ये होतो, दोन देवळं मिळून जेवढा वेळ दिला जवळपास तेवढाच वेळ एका हिऱ्या-माणकांच्या शोरूममध्ये गेला, गाडी बाहेर उभी, ड्रायव्हर गायब, आणि सेल्समन मागे मागे. तुमच्याकडे पाच तास आहेत, त्यातला एक असा घालवू नका. बुकिंगच्या आधी मेसेजमध्ये लिहून घ्या की शॉपिंग स्टॉप नाही. रिव्ह्यूमध्ये 'जेम' किंवा 'फॅक्टरी' शब्द सर्च केला तरी खरं काय ते समजतं.

दुसरं, हॉटेल पिकअपच्या मोहात पडू नका. ग्रुप टूरची व्हॅन सात हॉटेलं फिरत माणसं गोळा करते आणि सुखुमवितच्या सकाळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर तिथेच जातो. त्यापेक्षा 'जागेवर भेटा' वाली टूर घ्या. सुखुमवित स्टेशनवरून मेट्रोची ब्लू लाइन पकडली की गाडी न बदलता थेट सनाम चाय स्टेशन, 2019 मध्ये सुरू झालंय, आणि स्टेशन एवढं सुंदर सजवलंय की आई-बाबांचा पहिला फोटो तिथेच होईल. तिथून वाट फो चालत पाच-सात मिनिटं, पॅलेसचं गेट अजून थोडं पुढे, बाबांना चालायचं नसेल तर स्टेशनपासून टॅक्सी करा, मीटरवरच. पैसे जास्त गेले तरी चालणार असेल तर तिघांसाठी प्रायव्हेट गाइड घ्या, वयस्कर माणसं असताना मी तेच करते, कारण ग्रुपमध्ये झेंडा धरून गाइड पुढे पळतो आणि आपले लोक टॉयलेटला गेले की सगळं चुकतं.

पॅलेस साडेआठला उघडतो आणि तुम्ही साडेआठला गेटवर असायला हवं, नऊनंतर बसेस यायला लागतात आणि दहानंतर ऊन. तिकीट सध्या परदेशी माणसाला 500 बाथ, वाट फोचं 300, म्हणजे दोन्ही मिळून तिघांचे 2400 बाथ नुसत्या तिकिटांचे. टूरच्या किमतीत हे धरलंय की वेगळं ते बघा, बऱ्याच ठिकाणी वेगळं असतं आणि स्वस्त दिसणारी टूर मग स्वस्त राहत नाही. कपड्यांचे नियम पॅलेसमध्ये खरंच पाळतात, गेटवर थांबवतात. हाफ पँट नाही, स्लीव्हलेस नाही, फाटकी जीन्स नाही, आणि स्लीव्हलेसवर नुसती ओढणी टाकलेली चालत नाही. आईंनी सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस घातला तर काही प्रश्नच नाही, बाबांना फुल पँट. टोपी, छत्री, पाणी हे सगळ्यांनी. राजघराण्याचा एखादा समारंभ असला की काही भाग बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी पॅलेसची अधिकृत वेबसाइट बघून घ्या.

हे वेबसाइटचं मुद्दाम सांगतेय कारण रस्त्यावर एखादा चांगल्या कपड्यातला गोड बोलणारा माणूस भेटेल आणि म्हणेल पॅलेस आज बंद आहे, प्रार्थना चालू आहे, दुपारी उघडेल, तोवर माझ्या ओळखीचा टुकटुकवाला तुम्हाला 20 बाथमध्ये फिरवून आणेल. ती फेरी जेम्सच्या दुकानातच जाते. थांबू नका, बोलू नका, सरळ गेटपर्यंत जा आणि तिथे बघा. फारच मागे लागला तर टुरिस्ट पोलिसांचा नंबर 1155 आहे.

गाइडबद्दल अजून एक. थायलंडमध्ये गाइडचं काम फक्त थाई नागरिकच करू शकतात आणि त्याला लायसन्स लागतं, ते कार्ड गळ्यात असतं. त्यामुळे कुणी 'मी इथे राहणारा इंडियन आहे, मीच फिरवतो' म्हणालं तर नको म्हणा, आत तपासणी झाली तर तुमची सकाळ फुकट. हिंदी बोलणारे थाई गाइड मिळतात, आई-बाबांसाठी आधीच विचारून ठेवा. आणि राजाबद्दल, राजघराण्याबद्दल उलटसुलट प्रश्न गाइडला विचारू नका, बाबांनाही आधी सांगून ठेवा, तिथे तो कायद्याचा विषय आहे आणि ते बिचारे उगाच अडचणीत येतात.

पॅलेसला दोन तास, मग वाट फो. हे देऊळ वयस्कर माणसांना जास्त आवडतं असा माझा अनुभव आहे, सावली आहे, बसायला जागा आहे, गर्दी विखुरलेली असते. झोपलेला बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच, पण देऊळ त्याच्याभोवती इतकं घट्ट बांधलंय की तो एका नजरेत कधी दिसतच नाही, खांबांच्या मधून तुकड्यातुकड्याने बघत पायांपर्यंत जायचं. तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावात 108 शुभचिन्हं आहेत, तिथे गाइडला थांबवा. मग पाठीमागच्या बाजूला ओळीने 108 भांडी ठेवलीत, 20 बाथ दिले की वाटीभर चिल्लर मिळते, प्रत्येक भांड्यात एक नाणं टाकत जायचं, टण्ण टण्ण असा आवाज सगळ्या हॉलमध्ये चालू असतो. सासूबाईंनी प्रत्येक नाण्याला रामनाम घेतलं आणि शेवटी दोन नाणी कमी पडली तर मागच्या एका थाई आजींनी आपल्या वाटीतली काढून दिली. आईंना हे करू द्या, घाई करू नका.

वाट अरुण बहुतेक टूरवाले यातच बसवतात, था तियन धक्क्यावरून नदी ओलांडली की आलंच. दिसायला फार देखणं, चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं, पण पायऱ्या उभ्या आहेत आणि तोपर्यंत साडेअकरा-बारा वाजलेले असतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर मी तिकीट काढणार नाही, धक्क्यावरूनच समोर छान दिसतं. फार तर 5 बाथची फेरी घेऊन पलीकडे जा, नदीची हवा खा आणि परत या. तीन देवळं कोंबण्यापेक्षा दोन नीट बघा.

टूर संपल्यावर लगेच हॉटेलला पळू नका, रात्रीची फ्लाइट आहे म्हणताय ना, मग सनाम चायवरून एकच स्टेशन मागे साम योत आहे, तिथून जवळ पाहुरत, बँकॉकचं लिटल इंडिया, मोठा गुरुद्वारा आहे, शाकाहारी जेवण व्यवस्थित मिळतं. आणि पॅलेसचं तिकीट फेकू नका. त्याच तिकिटात साला चालर्मक्रुंग थिएटरचा खोनचा छोटा शो असतो, मुखवटे घालून रामाकियनचंच नृत्य, आणि ते थिएटर पाहुरतच्या अगदी जवळ आहे. वीकडेला दिवसातून काही वेळा होतो, तुमचा गुरुवार असल्यामुळे जमेल, वेळा सकाळीच गाइडला विचारून घ्या. अर्ध्या तासाच्या आत संपतो, एसी आहे, आणि सकाळी भिंतीवर बघितलेले मारुती आणि राक्षस आई-बाबांना लगेच ओळखू येतील.