वाचकांचे प्रश्न : कळसूबाई शहापूरकडे कशी सरकली?

प्रश्न : मी नाशिकचा निवृत्त शिक्षक असून यंदा कळसूबाईला जाण्यासाठी हातात धरायचे जीपीएस यंत्र घेतले. एका जुन्या माहितीपुस्तिकेत शिखराचे स्थान १९° ३६′ उत्तर, ७३° ४२′ पूर्व असे दिले होते. ते मी यंत्रात १९.३६ आणि ७३.४२ असे भरले. घरून निघताना शिखर ८० किलोमीटर दूर असल्याचे यंत्राने दाखवले आणि घोटीहून पायथ्याच्या बारी गावाच्या रस्त्याला लागल्यावरही बाण सतत उजवीकडे वळलेला राहिला. शेवटी यंत्र पिशवीत टाकून गावकऱ्यांना वाट विचारली. यंत्र सदोष आहे काय?

उत्तर : यंत्र निर्दोष आहे, चूक त्या टिंबाची आहे. एका अंशाची साठ मिनिटे होतात, त्यामुळे ३६ मिनिटे म्हणजे ०.६० अंश आणि ४२ मिनिटे म्हणजे ०.७० अंश, आपण भरायला हवे होते १९.६० आणि ७३.७०. (विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर आपण निदान अर्धा गुण कापला असता.) आपण भरलेले स्थान शहापूर आणि मुरबाड यांच्या दरम्यान, सह्याद्रीच्या खाली ठाणे जिल्ह्यात येते, शिखर जागच्या जागी राहिले, पण यंत्राच्या लेखी ते सुमारे ४० किलोमीटर नैर्ऋत्येला गेले. खूण घरीच पटण्यासारखी होती. नाशिकहून बारी रस्त्याने साठेक किलोमीटर आहे आणि यंत्र सरळ रेषेत ८० दाखवत होते. सरळ रेषेतले अंतर रस्त्याच्या अंतरापेक्षा जास्त असूच शकत नाही.

सेटिंगमध्ये ‘पोझिशन फॉरमॅट’ असा पर्याय असतो. तेथे नुसते अंश, अंश-मिनिटे आणि अंश-मिनिटे-सेकंद अशा तीन पद्धती मिळतात. पुस्तिकेत जी पद्धत असेल ती आधी निवडावी आणि मगच आकडे भरावेत, म्हणजे डोक्यातल्या डोक्यात भागाकार करावा लागत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अक्षांशाचे एक मिनिट जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर भरते. पुस्तिकेतले स्थान पूर्ण मिनिटांतच दिलेले असल्याने शिखर कोणत्या बाजूला आहे एवढे त्यावरून कळेल, पण दाट धुक्यात वाटेवरची लोखंडी शिडी त्यावरून सापडणार नाही.

आपल्या यंत्रात रस्त्यांचा नकाशा भरलेला नसेल, तर गाडीत बाण नेहमी सरळ रेषेतली दिशा दाखवील आणि घाटातल्या प्रत्येक वळणावर गरगर फिरेल. अशा वेळी रस्त्यावरच्या पाट्या वाचाव्यात, यंत्र शेजारी बसलेल्या माणसाकडे द्यावे आणि शक्य असल्यास ते गाडीच्या चार्जिंगवर चालवून सेल चढाईसाठी राखावेत. त्याचा खरा उपयोग बारीत गाडी उभी केल्यावर सुरू होतो. गाडीची जागा तेथेच ‘वेपॉइंट’ म्हणून नोंदवावी आणि ‘ट्रॅक’ची, म्हणजे चाललेल्या वाटेची, नोंद चालू करावी; उतरताना ढग खाली आले तरी आपलीच चढतानाची रेघ पडद्यावर दिसते, आणि ती रेघ कोणत्याही पुस्तिकेतल्या आकड्यांपेक्षा भरवशाची असते.

प्रश्न : हरिश्चंद्रगडावर मंदिराजवळ मुक्काम केला होता. रात्री दहाला यंत्राने दाखवलेली उंची पहाटे चारला वीस मीटरने वाढलेली होती. आकाश निरभ्र होते, तंबूही हलला नव्हता. हे कसे?

उत्तर : आपल्या यंत्रात हवेचा दाब मोजून उंची सांगणारा वायुभारमापक असणार. दाब घटला की यंत्राला वाटते आपण वर चढलो. गडाच्या उंचीवर दाब एक मिलिबारने उतरला तर आकडा नऊ-दहा मीटरने चढतो. आपल्याकडच्या उष्ण प्रदेशात हवेच्या दाबाला रोजची भरती-ओहोटी असते : सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो जास्त असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. रात्रीच्या सहा तासांत तो दीड-दोन मिलिबारने उतरला, की आपले वीस मीटर जुळले. पावसाळी हवेत हा फरक याहून कितीतरी मोठा होऊ शकतो.

उपाय सोपा आहे : ज्या जागेची उंची ठाऊक आहे तेथे ती यंत्रात भरून मगच चालायला लागावे. रेल्वेने येणाऱ्यांना तर ती फुकट मिळते. स्थानकाच्या पिवळ्या फलकावर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तंबूत बसल्याजागी आकडा झपाट्याने चढू लागला, तर मात्र दाब पडतो आहे, म्हणजे हवा बिघडण्याची शक्यता आहे, असे समजून सामान आवरायला घ्यावे.

प्रश्न : परदेशातला भाचा उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे जीपीएस यंत्र भेट म्हणून आणणार आहे. आणू द्यावे का?

उत्तर : नको म्हणून कळवा. साधे जीपीएस यंत्र उपग्रहांचे संकेत फक्त ऐकते, त्यामुळे ते बाळगण्यास हरकत नाही. उपग्रहाकडे संदेश पाठवणारे यंत्र मात्र भारतात सरकारी परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि अशी यंत्रे सामानात सापडल्यामुळे विमानतळावर प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. भाच्याला काही आणायचेच असेल, तर त्याच पैशांत साधे यंत्र आणि पुनःपुन्हा चार्ज होणारे चांगले सेल येतील.