चार्जिंगचा वेळ: व्होल्टेज आणि तापमान

आपल्या आरव्हीतील (राहण्याची सोय असलेल्या गाडीतील) १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी रात्रभर जोडूनही पूर्ण भरत नसेल, तर चार्जरच्या अँपिअरआधी त्याचे व्होल्टेज तपासावे. १३.६ व्होल्टवर अडकलेला चार्जर शेवटचा पाचवा हिस्सा भरायला फार वेळ घेतो. तेच काम साधारण १४.४ व्होल्टवर काही तासांत होते, कारण बॅटरी भरत आली की तिच्यात शिरणारा प्रवाह या वाढीव दाबावरच टिकतो. हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा आहे. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून ५ अंशांवर सुमारे अर्धा व्होल्ट अधिक द्यावा लागतो, आणि उन्हाळ्यात व्होल्टेज कमी न केल्यास पाणी उडून प्लेटा खराब होतात. म्हणून ज्यावरून चार्जर व्होल्टेज जुळवतो तो तापमान-सेन्सर बॅटरीलाच चिकटवावा, ही माझी आग्रहाची विनंती. लिथियम बॅटरी मात्र शून्याखाली चार्ज करूच नये.